सुटा भाग पारखावा कसा?

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असे आपण सहज बोलून जातो. बोलताना आपल्याला पक्के ठाऊक असते की, फांदी काही कावळ्याच्या भाराने मोडलेली नाही. ती आधीच किडलेली होती. पण हे शहाणपण दुकानात जाताना मात्र आपण घरीच ठेवून जातो. पंपाला नवा भाग बसवला आणि पाणी जोरात आले, की सगळे श्रेय त्या भागाला! त्याच दिवशी विजेचा दाब सुधारला होता का, विहिरीचे पाणी चढले होते का, हे पाहण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही.

नवा बसवलेला भाग खरोखरच चांगला आहे की नाही, हे ओळखायचे कसे, याविषयी आज थोडे बोलायचे आहे. उदाहरण मात्र जरा निराळे घेतो. ते आहे रिमोटने उडवायच्या लहान हेलिकॉप्टरचे. आता तुम्ही म्हणाल, हे तर पोरांचे खेळणे. पण पुढे पहा, या खेळण्यात चूक खपत नाही. पंप वाईट चालला तरी चालत राहतो. हेलिकॉप्टर वाईट चालले तर खाली येते. मी यंत्रशास्त्र शिकवीत नाही, तर्कशास्त्र शिकवतो. आणि तर्काची इतकी कडक परीक्षा घेणारे दुसरे स्वस्त साधन माझ्या पाहण्यात नाही.

प्रथम हे यंत्र कसे असते ते पाहू. या छंदात ‘४५०’ या नावाने ओळखला जाणारा एक आकार आहे. तैवानमधल्या अलाईन कंपनीच्या टी-रेक्स ४५० या हेलिकॉप्टरामुळे तो जगभर रूढ झाला. याचे वजन पाऊण किलोच्या आसपास. वर दोन पाती, प्रत्येक सुमारे सव्वातीनशे मिलिमीटर लांबीचे. पाती फिरली म्हणजे होणारे वर्तुळ साधारण सत्तर सेंटिमीटर व्यासाचे. खाली विजेची मोटर आणि लिथियमची बॅटरी. मोटरीचा छोटा गिअर मोठ्या प्लॅस्टिकच्या गिअरला फिरवतो, तो गिअर उभा दांडा फिरवतो आणि दांड्याच्या टोकाशी पाती धरून ठेवणारा जो सांगाडा असतो त्याला ‘हेड’ म्हणतात. हेडच्या पोटात एक आडवी पोलादी दांडी असते, तिला ‘स्पिंडल’ म्हणतात. दोन्ही पाती या दांडीच्या दोन टोकांवर बसतात. शेपटीला एक लहान रोटर असतो. तो नसता तर पाती एका दिशेला फिरताना सगळे अंग उलट्या दिशेला गरगरले असते.

आता थोडे गणित करू. ही पाती मिनिटाला अडीच हजार फेरे घेतात असे धरा. म्हणजे सेकंदाला सुमारे बेचाळीस. पात्याच्या टोकाचा वेग ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या वर जातो. पाते तीस ग्रॅमचे आणि त्याचा गुरुत्वमध्य केंद्रापासून वीस सेंटिमीटरवर असेल, तर ते स्वतःला बाहेर भिरकावून देण्यासाठी चाळीस किलोहून अधिक जोराने ओढत असते. गोफणीतला दगड हाताला कसा ओढतो ते आठवा. इथे दगड तीस ग्रॅमचा आणि ओढ जवळजवळ धान्याच्या पोत्याएवढी! ती ओढ ज्या स्क्रूवर, ज्या बेअरिंगवर आणि ज्या दांडीवर पडते, त्यांतला एखादा भाग कच्चा निघाला तर काय होईल, हे सांगायला नको. २०१३ साली न्यूयॉर्क शहरात एक तरुण आपल्याच रिमोटच्या हेलिकॉप्टरचे पाते लागून मरण पावला. ते हेलिकॉप्टर या आकारापेक्षा मोठे होते. पण लहान आहे म्हणून पाते गय करील, अशा भ्रमात कोणी राहू नये.

लहान मॉडेलवर पारख करण्याची ही रीत काही नवी नाही. अमेरिकेतल्या आर्थर यंग या संशोधकाने १९२८ पासून कित्येक वर्षे लहान मॉडेलांवरच हेलिकॉप्टरचे प्रयोग केले. एक रचना करायची, उडवायची, ती का कोसळली ते पाहायचे, मग पुढची रचना. असे करता करता रोटर स्थिर ठेवणारा दांडा त्याने बसवून पाहिला आणि यंत्र ताळ्यावर आले. १९४१ साली तो आपले मॉडेल घेऊन बेल कंपनीत गेला आणि त्यातून पुढे जे बेल ४७ हेलिकॉप्टर झाले, त्याला ८ मार्च १९४६ रोजी अमेरिकेत नागरी वापराचा परवाना मिळाला. जपानमध्ये तर बिनवैमानिकाचे हेलिकॉप्टर थेट शेतातच उतरले. यामाहा कंपनीने १९८७ मध्ये भातावर औषध फवारण्यासाठी आर-५० नावाचे हेलिकॉप्टर बाजारात आणले. आज आपल्याकडे फवारणीचे ड्रोन दिसू लागले आहेत, त्यांच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा हा विषय शेतकऱ्याला परका आहे असे समजू नका.

आता सुट्या भागांकडे वळू. हेलिकॉप्टर ज्या कंपनीने बनवले तिचे भाग तर मिळतातच. पण तिच्याखेरीज इतर कारखानेही त्याच मापाचे भाग बनवून विकतात. ट्रॅक्टरच्या बाबतीत आपण कंपनीचा भाग आणि ‘लोकल’ भाग म्हणतो, तसेच हे. फरक इतकाच की, इथे बाहेरचा भाग बहुधा ‘सुधारलेला’ म्हणून विकला जातो. प्लॅस्टिकच्या जागी ॲल्युमिनियमचे हेड, लाकडी पात्यांच्या जागी कार्बनची पाती, साध्या रबराच्या जागी कडक रबर, चकचकीत रंग आणि सोबत वर्णन असे की, हे बसवले म्हणजे यंत्र स्थिर होईल, चपळ होईल, टिकेल. यांतले काही खरे असते, काही नसते. पाहून कळत नाही, किमतीवरून तर मुळीच कळत नाही.

आमच्या महाविद्यालयातल्या चार-पाच मुलांनी वर्गणी काढून असे एक हेलिकॉप्टर घेतले आहे. त्यांतल्या एकाने सुट्टीत काम करून मिळवलेले पैसे घातले आणि ॲल्युमिनियमचे हेड मागवले. त्याआधी आठवडाभर हेलिकॉप्टर थरथरत होते, कारण ते एकदा जमिनीवर आपटले होते. नवे हेड बसले आणि थरथर गेली. मुलगा खूष! बाकीचेही तसलेच हेड मागवायच्या गोष्टी करू लागले. तेव्हा एकाने शंका काढली, “अरे, हेडबरोबर आतली स्पिंडलही नवी आली होती ना?” मग त्यांनी जुने प्लॅस्टिकचे हेड पुन्हा बसवले, आत दांडी मात्र नवी ठेवली. थरथर परत आली नाही. जुनी दांडी काचेवर लोळवून पाहिली, तर ती किंचित वाकलेली! म्हणजे रोग दांडीत होता आणि औषधाचे पैसे दिले हेडला. दांडीची किंमत हेडच्या मानाने अगदी किरकोळ होती.

या मुलांनी नकळत जे केले, त्याला तर्कशास्त्रात व्यतिरेक पद्धती म्हणतात. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ती नीट मांडली. आपल्या न्यायशास्त्रातही अन्वय आणि व्यतिरेक या जोडीचा विचार फार जुना आहे. तिचा अर्थ सोपा आहे: दोन प्रसंग असे घ्या की, बाकी सारे सारखे आणि फरक फक्त एका गोष्टीचा. मग परिणामात जो फरक पडेल तो त्या एका गोष्टीचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की पारख संपली आणि अंदाज सुरू झाला.

ही पद्धत हेलिकॉप्टरला लावायची कशी, ते क्रमाने सांगतो.

पहिली पारख टेबलावरच. जुना भाग आणि नवा भाग सोनाराच्या काट्यासारख्या बारीक तराजूवर तोला आणि वजने वहीत लिहा. दांडा असेल तर सपाट काचेवर लोळवा. काच आणि दांडा यांच्यामधली फट कमी-जास्त होताना दिसली, की दांडा वाकडा. नवा असला तरी वाकडा असू शकतो. बेअरिंग बोटावर फिरवून खरखर लागते का पाहा. पाती असतील तर दोन्ही पाती मुळाशी एकमेकांना जोडून मधोमध टांगा. एक बाजू खाली गेली तर हलक्या पात्याच्या टोकाला चिकटपट्टीचा तुकडा लावून तोल साधा. हे काम क्षुल्लक वाटते, पण आपले मघाचे गणित पुढे न्या. वीस सेंटिमीटरवर एका ग्रॅमचा फरक राहिला, तर तो यंत्राला सुमारे १.४ किलोच्या जोराने एका अंगाला ओढतो आणि ते अंग सेकंदाला सुमारे बेचाळीस वेळा फिरत राहते. थरथर म्हणतात ती हीच. पुष्कळदा ‘नवी पाती वाईट आहेत’ असे जे म्हटले जाते, तिथे पाती वाईट नसतात, त्यांचा तोल साधलेला नसतो.

दुसरी पारख पाती काढून. मोटर, गिअर, बेअरिंग यांचे भाग बदलले असतील तर वरची आणि शेपटीची पाती उतरवून ठेवा आणि मोटर हळूहळू चालवा. आवाज ऐका. गिअरचे दात फार दाबून बसले तर ते ओरडतात, फार सैल बसले तर खडखडतात. इथे जे कळेल ते आकाशात कळण्यापेक्षा स्वस्त पडते.

तिसरी पारख उडवून. पण उडवायचे म्हणजे कसरती करायच्या नाहीत. डोळ्यांच्या उंचीवर एका जागी स्थिर तरंगत ठेवायचे. प्रथम एका पात्याच्या टोकाला लाल आणि दुसऱ्याच्या टोकाला निळी पट्टी लावा आणि दुरून, बाजूने पाहा. दोन्ही रंग एकाच पातळीत दिसले तर ठीक. एक वर आणि एक खाली दिसला तर उतरवून, जोडदांडीची लांबी फिरवून तो फरक काढा. मगच मोजमापाला लागा.

मोजायचे काय? नुसते ‘बरे उडते’ म्हणून भागत नाही. एक सोपे माप सांगतो. बॅटरी पूर्ण भरा, घड्याळ लावून सहा मिनिटे हेलिकॉप्टर तरंगत ठेवा, उतरवा आणि पुन्हा भरताना चार्जरवर किती मिलिअँपिअर-तास वीज भरली तो आकडा पाहा. समजा, १६०० भरली. सहा मिनिटे म्हणजे तासाचा दहावा भाग. म्हणून सरासरी प्रवाह झाला सोळा अँपिअर. अशी उड्डाणे जुन्या भागावर पाच आणि नव्या भागावर पाच करा. बॅटरी तीच, वेळ तेवढीच, फेऱ्यांची गती तीच. आणि बॅटरी पार रिकामी होईपर्यंत कधी उडवू नका; तिची पाचवा हिस्सा वीज शिल्लक असतानाच खाली उतरावे. लिथियमची बॅटरी अशा वापराने खराब होते. ती फुगली किंवा आपटून दबली तर पेट घेऊ शकते.

इथे हवामान फार फसवते. कडाक्याच्या थंडीतल्या पहाटे दहा अंश आणि उन्हाळ्यातल्या दुपारी अडतीस अंश, अशा दोन वेळा घेतल्या तर दुपारची हवा सुमारे नऊ टक्के विरळ असते. विरळ हवेत तेच वजन तोलायला अधिक शक्ती लागते. जुना भाग पहाटे उडवला आणि नवा दुपारी, तर नव्याच्या माथी उन्हाचा दोष बसेल. वारा तर त्याहून लबाड. एका जागी तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरला मंद वारा उलट मदतच करतो, कारण पात्यांना आयती ताजी हवा मिळते. म्हणून वारा पडलेला असताना उडवा आणि क्रम असा ठेवा: जुना, नवा, नवा, जुना. दिवस तापत जातो, बॅटरी थकत जाते; या क्रमाने त्याचा भार दोघांवर सारखा पडतो.

मग आकडे कसे वाचायचे? जुन्याच्याच पाच उड्डाणांत जर १५६० पासून १६४० पर्यंत आकडे आले, तर ऐंशीचा फरक काहीही न बदलता पडतो, असा त्याचा अर्थ. नव्याची सरासरी १५८० आली म्हणून पेढे वाटू नयेत. आपल्याच मापातली हेलकावणी आधी ओळखावी, मग दुसऱ्याचा गुण-दोष सांगावा. माणसे पारखतानाही हा नियम बरा!

आता काही गुण असे असतात की, ते मोजता येत नाहीत, हाताला जाणवतात. हेडच्या आतले रबर बदलले म्हणजे हेलिकॉप्टर ‘कडक’ वाटते की ‘मऊ’, हे उडवणारा सांगतो. पण ज्याने पैसे मोजले त्याच्या हाताला नवे रबर चांगलेच वाटणार! यावर उपाय आहे. रबर हेडच्या पोटात दडलेले असते, बाहेरून दिसत नाही. तेव्हा एकाने गुपचूप कधी जुने, कधी नवे बसवावे आणि कागदावर नोंद ठेवावी. दुसऱ्याने न विचारता उडवावे आणि आपले मत लिहावे. दहा वेळा असे करून कागद जुळवावेत. मत आणि नोंद जुळली नाही, तर तो गुण रबरात नव्हता, मनात होता. औषधांची पारखही डॉक्टर लोक याच रीतीने करतात.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण ती आपल्या समजुतीच्या उलट आहे. मजबूत भाग म्हणजे चांगला भाग, असे आपण धरून चालतो. धातूचे हेड प्लॅस्टिकपेक्षा कडक असते हे खरे. त्यात सैलपणा कमी, म्हणून जोराच्या कसरतींत ते अचूक चालते, हेही खरे. पण ते जड असते. आठशे ग्रॅमच्या यंत्रात चाळीस ग्रॅमची भर म्हणजे पाच टक्के. मात्र तरंगण्याची शक्ती वजनाच्या दीडपट घाताने वाढते, म्हणून ती सुमारे साडेसात टक्के अधिक लागते. सात मिनिटांचे उड्डाण साडेसहावर येते.

आणि आपटल्यावर काय होते? प्लॅस्टिकचा भाग एक तर लवून पुन्हा जागेवर येतो किंवा मोडतो. मोडला की डोळ्यांना दिसतो, थोड्या पैशांत बदलता येतो. ॲल्युमिनियम मात्र केसभर वाकते आणि तसेच राहते; पाहून कळत नाही, उडवले की थरथरते. शिवाय आपटल्याचा जो दणका प्लॅस्टिक मोडून संपला असता, तो धातूतून पुढे जातो आणि दांडा वाकवतो, गिअरचे दात झडवतो. रोटाव्हेटरला शिअर बोल्ट का घालतात? दगड लागला तर बोल्ट तुटावा आणि गिअरबॉक्स वाचावा म्हणून. तो बोल्ट वारंवार तुटतो म्हणून कोणी तिथे कडक पोलादाचा बोल्ट ठोकला, तर बोल्ट वाचेल आणि गिअरबॉक्स जाईल. फ्यूजच्या जागी जाड तार घालण्यासारखेच ते. तेव्हा एखादा भाग वरचेवर मोडतो असे दिसले, तर आधी विचारावे: हा मोडतो म्हणून काय वाचते? काही भाग मोडण्यासाठीच नेमलेले असतात. मात्र जिथे पात्याची ती चाळीस किलोची ओढ पडते, त्या दांडीच्या आणि स्क्रूच्या बाबतीत अशी सूट नाही. तिथे शंका आली तर तो भाग, जुना असो की नवा, टाकूनच द्यावा.

नवा भाग प्रथमच चालवताना चार पथ्ये पाळा. मोकळे मैदान, आसपास माणसे-गुरे नाहीत, यंत्रापासून निदान दहा पावले अंतर आणि पात्यांच्या पातळीत कोणीही उभे नाही. डोळ्यांना चष्मा असावा. पाती पूर्ण थांबून बॅटरी सोडवल्याखेरीज जवळ हात नेऊ नये. आणि आपल्या भागात असे यंत्र उडवण्याचे सरकारी नियम काय आहेत, ते आधी पाहून घ्यावेत.

शिक्षक बंधु-भगिनींनो, हेलिकॉप्टर शाळेत आणणे कठीण. पण ही सारी पारख तुम्हाला कागदावर करता येईल. वहीच्या पानाची एक लांब पट्टी घ्या, वरून अर्ध्यापर्यंत मधोमध चिरा, दोन पंख विरुद्ध बाजूंना दुमडा आणि खालच्या टोकाला एक टाचणी लावा. उंचावरून सोडली की ती गरगरत खाली येते. आता मुलांना विचारा: पंख लांब केले तर ती हळू उतरेल का? टाचण्या दोन लावल्या तर? उत्तर तुम्ही सांगू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायला लावा, उंची तीच ठेवा, पंखा बंद करा आणि प्रत्येक प्रकार दहा वेळा सोडून घड्याळाने वेळ मोजायला लावा. कुणी पंखही लांब केले आणि टाचणीही वाढवली, तर त्याला एवढेच विचारा, “मग फरक कशाने पडला, बाळ?” तो गप्प होईल, डोके खाजवील आणि एक टाचणी काढून पुन्हा वर चढेल. तिथे तुमचे काम झाले.

पंपाचा भाग असो, ट्रॅक्टरचा असो, फवारणीच्या ड्रोनचे पाते असो की नव्या वाणाचे बियाणे असो. विकणारा नेहमी फांदीकडे बोट दाखवून कावळ्याचे मोल सांगतो. आपण मोल देण्यापूर्वी एवढेच करावे: जुने टाकून देऊ नये. ते पुन्हा एकदा बसवून पाहावे.